रेसिकची बासरी, पिंगुळीची पोथी

२००६ सालच्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीज या लिलाव कंपनीने 'स्टार ट्रेक'च्या सामानाचा लिलाव मांडला. चाळीस वर्षांत साठलेले पोशाख, नकली शस्त्रं, यानांच्या प्रतिकृती असा मोठा पसारा होता. त्यात एक लहानशी बासरी होती. ती वाजत नव्हती. कॅमेऱ्यासमोर ओठांना लावण्यापुरतीच बनवलेली. तिला फार किंमत येईल असं कंपनीने धरलंच नव्हतं. ती गेली ४८,००० डॉलरना.

त्याच वर्षी सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावी, परशुराम गंगावणे यांनी घरचा गुरांचा गोठा रिकामा केला आणि तिथे 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे संग्रहालय सुरू केलं. चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, वाद्यं असं जे घराण्यात पिढ्यान् पिढ्या वापरात होतं, ते लोकांना बघता येईल असं मांडलं.

या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. मी तो लावतोय, कारण ती बासरी ज्या एपिसोडमधली आहे तो मी आजवर बऱ्याचदा पाहिलाय, आणि पिंगुळीला पहिल्यांदा पोथीसमोर बसलो तेव्हा त्याचीच आठवण झाली. आठवण का झाली हे शोधताना मी बराच मागे गेलो. त्या शोधाचा हा वृत्तान्त.

०००

एपिसोडचं नाव 'द इनर लाइट'. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेच्या पाचव्या सीझनमधला हा पंचविसावा भाग १ जून १९९२च्या आठवड्यात अमेरिकेत दाखवला गेला. कथा मॉर्गन गेंडेलची, दिग्दर्शन पीटर लॉरिट्सनचं. पुढच्या वर्षी त्याला विज्ञानकथेतला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एवढंच पुरे: एंटरप्राइज नावाचं एक अवकाशयान आहे आणि जाँ-लुक पिकार्ड हा त्याचा कप्तान. एकटा, शिस्तीचा, बायकामुलं नसलेला माणूस. ही भूमिका पॅट्रिक स्ट्यूअर्टची.

यानाला वाटेत एक अनोळखी यंत्र भेटतं. त्यातून एक किरण निघतो आणि पिकार्ड बेशुद्ध पडतो. डोळे उघडतो तेव्हा तो काटान नावाच्या ग्रहावर, रेसिक नावाच्या गावात, एका साध्या घरात असतो. समोर एक बाई. ती म्हणते की तू कामिन, लोहारकाम करतोस, मी तुझी बायको एलीन, तू तापाने फणफणला होतास. त्याला यातलं काहीच पटत नाही. तो गावभर फिरतो, टेकड्या चढतो, आपलं यान कुठे आहे ते विचारतो.

इथपर्यंत प्रेक्षकालाही हे कोडंच वाटतं. सुटका कशी होणार याची तो वाट पाहतो. आणि मग पडद्यावर एकदम पाच वर्षं उलटलेली असतात. कामिन अजून रात्री आकाशाकडे बघत बसतो. एलीन हे सगळं सोसते, पण एका संध्याकाळी तिचाही बांध फुटतो. एपिसोड कूस बदलतो तो इथे. कामिन निघून जायचं सोडून देतो. त्यांना मूल होतं, मग दुसरं. मुलाच्या नामकरणाला सगळा गाव जमतो. त्याला वारलेल्या जिवलग मित्राचं, बताईचं, नाव ठेवतात. सुरुवातीला धड सूरही न लागणारी बासरी कामिन तिथे वाजवतो.

यानंतर सुख आणि दुःख एकमेकांना खेटून येतात. पाऊस कमी होत जातो. कामिन वर्षानुवर्षं नोंदी ठेवतो आणि त्याच्या लक्षात येतं की हा साधा दुष्काळ नाही, हा ग्रहच संपत चाललाय. सरकारी अधिकाऱ्याला सांगायला जावं, तर त्याला ते आधीच ठाऊक असतं. लोकांना घाबरवायचं नाही म्हणून गप्प. मुलगी मेरिबोरलाही मातीवरून तेच कळतं. बाप तिला खोटा धीर देत नाही. लग्न लांबवू नकोस, एवढंच सांगतो. मग एलीन मरते. मरताना ती नवऱ्याला बूट जागेवर ठेवायची आठवण करते.  मला आजही सगळ्यात जास्त टोचते ती हीच जागा. कुणाच्याही घरात मागे उरतात त्या अशाच सवयी.

शेवटी म्हातारा कामिन नातवंडासोबत उन्हात बसलेला असतो. सगळे म्हणतात, चला, यान सोडतायत ते बघायला. कसलं यान, त्याला आठवत नाही. आणि तिथे एलीन आणि बताई तरुण होऊन येतात आणि उलगडा करतात: आमचा सूर्य विझणार हे कळलं तेव्हा आमच्याकडे ग्रह सोडून जाण्याइतकं तंत्र नव्हतं. आमच्या आठवणी एका यंत्रात भरून सोडल्या, कधीतरी कुणाला तरी ते सापडेल म्हणून. तो कुणीतरी म्हणजे आपणच, हे तेव्हा कामिनच्या ध्यानात येतं.

पिकार्ड यानावर जागा होतो. मधे पंचवीसेक मिनिटं गेलेली असतात. तो मात्र चाळीस वर्षं जगून आलेला असतो, आणि ती सगळी माणसं हजार वर्षांपूर्वीच संपलेली असतात. त्या यंत्रात एक पेटी सापडते. पेटीत बासरी. खोलीत एकटा असताना तो ती छातीशी धरतो आणि वाजवायला लागतो. एपिसोड संपतो.

०००

क्षणभरात आयुष्य जगून येण्याची गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. योगवासिष्ठातल्या उत्पत्ती प्रकरणात लवण राजाची कथा येते. लवण हा हरिश्चंद्राच्या वंशातला. त्याच्या दरबारात एक जादूगार येतो, मोरपिसांचा कुंचा फिरवतो आणि राजाला एक घोडा दिसतो. राजा सिंहासनावर खिळल्यासारखा होतो. दरबार काळजीत. भानावर येऊन तो सांगतो ते असं: त्या घोड्याने मला अरण्यात नेलं. भुकेने जीव जात होता. एका चांडाळकन्येने अन्न दिलं, पण लग्नाच्या अटीवर. मी तिच्याशी लग्न केलं, त्या वस्तीत राहिलो, मुलं झाली, म्हातारा झालो. मग दुष्काळ पडला. वस्ती उठली. धाकटा पोर भुकेने मांस मागू लागला, तेव्हा त्याला माझंच मांस मिळावं म्हणून मी आगीत शिरलो आणि इथे जागा झालो.

दुसऱ्या दिवशी राजा लवाजमा घेऊन विंध्याकडे निघतो आणि ती वस्ती त्याला खरोखर सापडते. एक म्हातारी मुलगी, जावई आणि नातवंडांची नावं घेऊन रडत असते. ती त्याची सासू.

वेंडी डोनिगर यांनी १९८४ साली स्वप्न आणि भ्रम या विषयावर लिहिलेल्या ग्रंथात या कथेचा बारकाईने विचार केलाय. माझं कुतूहल मात्र वेगळं आहे. योगवासिष्ठाला या कथेतून काळ आणि जग हे मनाचे खेळ आहेत असं सांगायचंय. तरीही कथा सांगणाऱ्याला त्या म्हातारीवाचून राहवलेलं नाही. 'द इनर लाइट'मध्ये तिच्या जागी बासरी येते. जे भोगलं ते कुणाचं तरी खरं होतं, याला दोन्हीकडे साक्ष लागते. आणि दुष्काळ दोन्हीकडे आहे.

०००

आता चित्रं दाखवून गोष्ट सांगणाऱ्यांकडे येतो, कारण पिंगुळीची वाट तिथून जाते.

बाणभट्टाच्या हर्षचरितात एक प्रसंग आहे. सातव्या शतकाची सुरुवात. बाप आजारी असल्याची बातमी ऐकून हर्ष घोडा पिटाळत राजधानीत येतो. बाजारपेठेत त्याला एक यमपट्टिक दिसतो. काठीला पट टांगलेला, त्यावर रेड्यावर बसलेला यम, हातातल्या बोरूने तो एकेक चित्र दाखवतोय आणि भोवती पोरांचा गराडा. गेलेल्या आईबापांची तो जणू मोजदाद करत असतो. हर्ष पुढे जातो, आणि त्याचा बाप वाचत नाही. तमाशा बघणारी पोरं आणि बाप गमावणारा मुलगा एकाच चित्रासमोर उभे करायचे, हे बाणाने केलं ते पाहून मी दर वेळी थक्क होतो.

विशाखदत्ताच्या मुद्राराक्षस नाटकात चाणक्याचा हेर निपुणक असाच यमपट घेऊन घरोघर फिरतो आणि राक्षसाची मुद्रा मिळवून आणतो. चित्रवाल्याला कुठल्याही अंगणात मज्जाव नसे, हे त्यावरून कळतं. पिंगुळीच्या ठाकर समाजातही असं सांगितलं जातं की शिवकाळात त्यांच्या पूर्वजांनी खेळ करत फिरताना हेरगिरी केली. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या सोमेश्वराने लिहिलेल्या मानसोल्लासात चित्रांच्या साहाय्याने कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख आहे. म्हणजे आपल्या मुलखात हा व्यवसाय निदान नऊशे वर्षं तरी ओळखीचा.

०००

पिंगुळीत ठाकरांची वस्ती गुढीपूर वाडीत. समाजाच्या कला अकरा सांगतात. त्यातल्या चित्रकथी आणि बाहुल्यांमुळे गावाचं नाव बाहेर पोचलं. सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांचा या कलेला आश्रय होता. देवळातून, ठरल्या वेळी, ठरल्या घराण्यांनी आख्यानं लावायची अशी रीत होती. १९४८ साली संस्थान विलीन झालं आणि हा आधार गेला.

एका पोथीत एक आख्यान. हातकागदावर रंगवलेली तीस-चाळीस, कधी त्याहून जास्त चित्रं. दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली, म्हणजे पान उलटलं की पुढचा प्रसंग. सुरुवात गणपती आणि सरस्वतीच्या चित्राने. मग रामायण-महाभारतातली आख्यानं, पण इथल्या लोकांच्या तोंडी घोळलेली. सांगणारा वीणा घेऊन जमिनीवर बसतो, पोथी समोर टेकवतो. साथीला हुडूक आणि टाळ. थोडं गाणं, थोडं बोलणं, चित्रावर बोट, आणि पान उलटणं.

मी पाहिलेला प्रयोग आमच्यासारख्या पाहुण्यांसाठी आखडता घेतलेला होता. तेवढ्यातही एक गोष्ट लक्षात आली. चित्रातले चेहरे बदलत नाहीत. मोठा टपोरा डोळा, एका बाजूला वळलेलं तोंड, ताठ अंग. राजा हरला तरी तोच चेहरा, जिंकला तरी तोच. हसू, रडू, भीती यातलं काहीही चेहऱ्यावर काढलेलं नाही. ते सगळं गळ्यात आहे. आवाज खाली येतो आणि तोच डोळा भेदरलेला दिसायला लागतो. हुडूक घुमतो आणि तोच डोळा रागावतो. एपिसोडमध्ये पॅट्रिक स्ट्यूअर्टचा चेहरा जवळून दाखवतात, आणि त्याच्या सुरकुत्यांतून आपण चाळीस वर्षं वाचतो. इथे चित्र काहीच बोलत नाही, म्हणून सांगणाऱ्यालाच सगळं बोलावं लागतं.

याचा अर्थ असा की निव्वळ पोथी म्हणजे अर्धीच गोष्ट. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथी शैलीची सुंदर चित्रं आहेत. यातली बरीच चित्रं जगभर 'पैठण चित्रं' म्हणून ओळखली गेली, कारण ती आधी त्या गावात लोकांच्या हाती लागली. वालेंटिना श्टाखे-रोझेन या जर्मन अभ्यासिकेचा पिंगुळीच्या चित्रांवरचा निबंध १९८४ साली छापून आला, त्याच्या शीर्षकातच तिने कथा सांगण्याला आधी जागा दिली. मला ते महत्त्वाचं वाटतं. काचेमागचं चित्र बघून रंग कळतात, काळ ठरवता येतो. पण आवाज कुठे खाली येतो, ते त्यावर लिहिलेलं नसतं.

०००

चित्रकथी टीव्हीने मारली, असं सरसकट म्हटलं जातं. २५ जानेवारी १९८७ला दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले, हे तेव्हाच्या सगळ्यांना आठवतं. पण हे कारण मला अपुरं वाटतं. त्याच सिंधुदुर्गात दशावतार आजही रात्रभर चालतो. त्याला जत्रांचं पंचांग आहे, नाटक ठरवणारी गावं आहेत, पाचशे माणसांना दिसेल एवढा रंगमंच आहे. चित्रकथीचं चित्र हातभर. ते दिव्याच्या उजेडात, गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या वीस-पंचवीस माणसांसाठी काढलेलं. तशी बैठक भरवणारं कुणी उरलं नाही, तेव्हा ते अडचणीत आलं. टीव्ही यायच्या आधीच संस्थानाचा हात सुटला होता.

इथे मला 'द इनर लाइट'शी थोडं भांडायचंय. काटानच्या लोकांनी पाठवायला जे निवडलं, त्याबद्दल मला आदरच आहे. राजांची यादी नाही, लढाया नाहीत, शोधांची फुशारकी नाही. एक लोहार, त्याची बायको, बारसं, कोरडी विहीर, बासरी. इतिहास लिहिणाऱ्यांना आपल्याकडे हे सुचायला फार वेळ लागला. सावंतवाडीच्या गादीवर कोण कधी बसलं ते कागदोपत्री सापडतं. पण देवळात पोथी कोण सांगत असे, त्याचं नाव त्या घराण्याच्या आठवणीतच शोधावं लागतं.

पण त्यांनी ऐकणारा एकच निवडला. तोही वयाने उतरणीला लागलेला, एकटा, आणि गोष्ट पुढे कुणाला देईल याची शाश्वती नसलेला. पुढच्या सीझनमध्ये, 'लेसन्स' नावाच्या एपिसोडमध्ये, पिकार्ड ती बासरी एका स्त्रीसोबत वाजवतो आणि तिला रेसिकची हकीकत सांगतो. तिचीही लगेच दुसरीकडे बदली होते. अख्ख्या ग्रहाच्या आठवणींचा प्रवास एवढाच. लेखकांनी पंचवीस मिनिटांत चाळीस वर्षं बसवली, हे कौशल्यच. त्यामुळेच शेवटी डोळे भरून येतात. पण शिकणं असं डोक्यात ओतता येतं, ही त्या एपिसोडमधली सगळ्यात मोठी कल्पित गोष्ट आहे. किरण आणि यंत्रांपेक्षाही मोठी.

पिंगुळीचा हिशेब उलटा आहे. तिथे तासाभराच्या आख्यानासाठी आयुष्य घालावं लागतं. पोराने बापाच्या मागे बसून टाळ धरायचा, मग हुडूक, मग कधीतरी वीणा हातात यायची. कुठलं पान उलटायला उशीर करायचा, हे सांगून कळत नाही. दहाशे वेळा ऐकूनच कळतं. त्या काळात पोट कशावर भरायचं, हा प्रश्न प्रत्येक घरात उभा राहतो आणि त्याला भावनिक उत्तर चालत नाही. शाळा, नोकरी, मुंबई-गोव्याकडची वाट हे पर्याय समोर असताना कुणी 'मी पोथी सांगतो' म्हणावं, अशी अपेक्षा बाहेरून गेलेल्या माणसाने करणं सोपं आहे. मी ती करत नाही.

म्हणून गोठ्यातल्या संग्रहालयाकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा बातम्यांत कौतुक झालं ते कला 'जतन' केल्याचं. हा शब्द मला इथे पुरेसा वाटत नाही. जतन केळकर संग्रहालयानेही केलं, आणि मनापासून केलं. पिंगुळीच्या संग्रहालयात वेगळं काय असेल, तर पोथी जिथे ठेवलीय तिथेच ती सांगणारे राहतात. मांडलेली बाहुली खाली उतरवून तिचे दोरे हातात घेणारं माणूस त्याच अंगणात आहे. तिथून निघताना बघणाऱ्याच्या हातात काही पडत नाही. पण आख्यान ऐकायचं म्हटलं तर ते ऐकवणारं कुणीतरी आहे, एवढी खात्री असते.

क्रिस्टीजच्या लिलावात ४८,००० डॉलर देऊन बासरी घेणाऱ्याने काय घेतलं, हा विचार मी बऱ्याचदा करतो. ती फुंकली तर सूर निघणार नाही. एपिसोडमध्ये ऐकू येते ती धून जे चॅटअवे या संगीतकाराने रचलेली आणि वेगळ्याच वाद्यावर वाजवलेली. तरी त्याला मी हसणार नाही. एलीनचे बूट, बताईचं नाव, मुलीशी झालेलं ते बोलणं, हे सगळं ज्याच्या मनात बसलंय त्याला ती नळी रिकामी वाटणार नाही. मात्र त्याच्या नातवाने एपिसोड पाहिलेलाच नसेल, तर त्याच्या हाती फक्त एक पितळी रंगाची नळी येईल.

पिंगुळीतली पोथी अजून त्या अवस्थेला पोचलेली नाही. गुढीपूरच्या वाडीत ज्यांच्या कानावर ती रोज पडते अशी पोरं अजून आहेत. त्यांच्यातलं कुणी हुडूक उचलेल की नाही, हे ठरवायला ती मोकळी आहेत. आपल्याला जमण्यासारखं काम लहान आहे: त्या बाजूला गेलात तर कुडाळहून थोडी वाट वाकडी करायची, अर्ध्या तासाचा नको, पुरं आख्यान सांगा म्हणायचं, त्याचे योग्य पैसे द्यायचे, आणि शेवटचं पान उलटेपर्यंत मांडी मोडायची नाही.